‘कोणाचो झील?’ न विचारता

पत्र

ताई, मी कुडाळजवळच्या एका खेड्यातली. गेल्या जूनपासून रत्नागिरीत एका खासगी ऑफिसात नोकरीला आहे. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी एसटी स्टँडवर होते. पाऊस धो धो लागला होता. एक म्हातारे गृहस्थ एक्स-रेचं पाकीट शर्टाच्या आत पोटाशी धरून एकेकाला गाडीबद्दल विचारत होते. कुणी हाताने ‘तिकडे’ दाखवलं, कुणी नुसती मान हलवली. ते माझ्याकडे वळले आणि तेवढ्यात माझी कुवारबावची गाडी लागली. मी चढले. गाडी वळेपर्यंत ते खिडकीतून दिसत होते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आठवड्याने मारुती मंदिरापाशी एक आजी रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. या वेळी चुकायचं नाही असं ठरवून मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो झटकला आणि ‘सोड गो, माझी मी जाईन’ म्हणाल्या. चार माणसं बघत होती. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “शहरात नसत्या भानगडीत पडू नको, कोण कसा असेल सांगता येत नाही.”

आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आलेल्या माणसाला आजी गूळपाणी दिल्याशिवाय जाऊ देत नसे. त्या घरातली मी. शहरात येऊन माझा दगड झाला का? आणि अनोळखी माणसाला मदत करायची तरी कशी?

उत्तर

बाळ, तुझा दगड झालेला नाही. दगड झालेल्या माणसाला खिडकीतून दिसलेला म्हातारा पंधरा दिवस दिसत राहत नाही. पण नुसता धीर देऊन मी मोकळी होणार नाही, कारण तू ‘कशी’ असं विचारलं आहेस आणि तो प्रश्न खरा आहे. मदत करायचं मन असणं आणि मदत करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मन तुझ्याकडे आहे. दुसरी गोष्ट पोहण्यासारखी शिकावी लागते, आणि ती तुला कुणी शिकवलेली नाही.

आधी त्या संध्याकाळबद्दल. १९७३ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा, जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मगुरू व्हायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं. वाटेत दारापाशी एक माणूस खाली वाकून खोकत, कण्हत बसलेला होता. तो मुद्दाम बसवलेला होता, हे विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं. काही जणांना ‘अजून वेळ आहे’ असं सांगितलेलं होतं, काहींना ‘तुम्हाला उशीर झालाय, पळा’ असं. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. उशीर झालेल्यांपैकी फक्त १० टक्के. आणि त्यातल्या काही जणांना भाषण द्यायचं होतं ते कशावर? रस्त्यात जखमी पडलेल्या वाटसरूला परक्या जमातीचा माणूस उचलून नेतो, त्या बायबलमधल्या गोष्टीवर. डोक्यात ती गोष्ट घोळवत चाललेली मुलंसुद्धा उशिराच्या धास्तीने त्या माणसाला ओलांडून गेली. ती काही वाईट मुलं नव्हती. त्या संध्याकाळी तुझ्या आणि त्या आजोबांच्या मध्ये कुवारबावची गाडी आली, एवढंच झालं. घाई समोरचा माणूस दिसू देते, पण आपल्याला थांबू देत नाही.

हे सांगितलं म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस. याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता गूळपाणी. तुझ्या पत्रातली हीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण माझ्याही आजीचं घर सिंधुदुर्गातलं. खळ्यात कुणी आलं की आजी आतून तांब्या-भांडं घेऊन यायची, वाटीत गुळाचा खडा. पण तांब्या खाली ठेवायच्या आधी ती काय विचारायची, आठव. “खयसून इलस? कोणाचो झील तू?” म्हणजे कुठून आलास, कोणाचा मुलगा तू? मग तो सांगायचा, अमक्या वाडीतल्या तमक्याचा. आजी म्हणायची, “अरे, म्हणजे तुझी आई आमच्या शेजारच्या वाडीतली!” दोन मिनिटांत तो परका राहिलेला नसायचा. बोहारीण असो, पोस्टमन असो, वाट चुकलेला असो, प्रत्येकाला कुठेतरी जोडून घेतल्यावरच आजीचा जीव शांत व्हायचा. ती माया खोटी नव्हती. पण तिला एक धागा लागायचा, आणि खेड्यात तो सापडायचाच.

शहरात हा धागा सापडत नाही. तुझी पंचाईत तिथे झाली आहे, असं मला वाटतं. तुझ्या मनात माया तीच आहे, पण ती ‘कोणाचो?’ या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत उभी राहते आणि उत्तर यायच्या आत गाडी लागते. आईही तेच म्हणते आहे, वेगळ्या शब्दांत: कोण कसा असेल सांगता येत नाही. खरंच आहे, सांगता येत नाही. शहरात पाणी द्यायचं ते हे ठाऊक नसतानाच द्यायचं असतं.

मी हे कधी शिकले, ते सांगते. २६ जुलै २००५ ला मी मुंबईत नोकरीला होते. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद. मी ऑफिसातून चालत निघाले, कमरेएवढ्या पाण्यातून, एका अनोळखी माणसांच्या साखळीत हात धरून. रात्री कधीतरी एका चाळीच्या जिन्याशी पोचले, तर वरून एक बाई म्हणाल्या, “वर या.” त्यांनी टॉवेल दिला. मग घडी केलेली सुती साडी दिली, निळ्या काठांची, डांबरगोळ्यांचा वास येणारी, म्हणजे कपाटातली राखून ठेवलेली. आलं घातलेला चहा दिला. फोन लागत नव्हता, तरी स्वतःच्या फोनवरून माझ्या घरचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. सकाळी मी निघाले तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांनी मला नाव विचारलं नव्हतं. गाव नाही, आडनाव नाही, लग्न झालंय का नाही, काहीच नाही. मीच साडी परत द्यायला म्हणून त्यांचं नाव विचारलं, तर म्हणाल्या, “राहू दे, नेसा.” आडनाव विचारल्याशिवाय आपल्याकडे चहाचा कप पुढे येत नाही असे दिवस मी पाहिले आहेत, म्हणून त्या न विचारण्याची किंमत मला कळते.

चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हाही आपण हेच पाहिलं. चिखल काढायला फावडी घेऊन आलेल्या पोरांना कुणी विचारलं नाही की तुम्ही कुठले. पण पुराची माणुसकी त्या मानाने सोपी असते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पुरात सगळ्यांचीच गाडी चुकलेली असते. कुणालाच कुठे पोचायचं नसतं. अवघड असते ती साध्या मंगळवारची संध्याकाळ, जेव्हा आपली गाडी वेळेवर आलेली असते आणि समोरच्याला त्याची कुठली ते कळत नसतं.

आता त्या आजींकडे येऊ. त्यांनी हात झटकला याचं तू मनाला लावून घेतलंस, पण बाळ, तू विचारलंस का? तू लिहिलंयस, ‘मी त्यांचा हात धरला’. त्यांच्या बाजूने बघ. भर रस्त्यात कडेने कुणीतरी येतं आणि दंड पकडतं. गळ्यात मंगळसूत्र आहे, पिशवीत पैसे आहेत, पायाखाली ओला रस्ता आहे. मीही झटकला असता. शिवाय त्या कदाचित वर्षानुवर्षं तो रस्ता ओलांडत असतील, आणि कुणीतरी आपल्याला म्हातारी समजतंय हे त्यांना पहिल्यांदाच त्या क्षणी कळलं असेल. ते बोचतं गं.

हात धरायचा नसतो, हात पुढे करायचा असतो. एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते तुला माहीत आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागून ढकललं किंवा काखेत धरून ओढलं तर त्याचा तोल जातो. आपण बाजूला उभं राहून कोपरापासून हात आडवा धरायचा, कठड्यासारखा, आणि म्हणायचं, “हवा तर धरा.” तो धरायचा की नाही, किती जोरात धरायचा, कधी सोडायचा, हे त्यांनी ठरवायचं. दृष्टिहीन माणसाच्या बाबतीत तर हे काटेकोर पाळ. त्यांना ओढत नेऊ नये. आधी बोलायचं, मग आपलं कोपर त्यांच्या हाताला लागेल असं धरायचं, आणि आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. पायरी आली की ‘पायरी, खाली’ किंवा ‘पायरी, वर’ एवढं सांगायचं. आणि नको म्हणाले तर “बरं” म्हणून बाजूला व्हायचं, चेहरा न पाडता. ‘नको’ म्हणायची सोय ठेवलेली नसेल, तर ती मदत समोरच्याच्या अंगावर पडते.

तू विचारशील, मग रोज करण्यासारखं आहे तरी काय? मला आपल्या गावात डोळ्यांसमोर दिसतं ते सांगते. एसटीच्या पाट्या देवनागरीत असतात. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींवर कर्नाटकातले खलाशी आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना ती पाटी म्हणजे नुसती चित्रं. नेपाळी खलाशी आणि आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार अक्षरं वाचतील, पण गावांची नावं त्यांना कुठून माहीत असणार? त्यात मध्यवर्ती स्थानक वेगळं, रहाटाघर वेगळं. नवखा माणूस चुकीच्या स्थानकावर तासभर उभा राहू शकतो. अशा माणसाला हाताने ‘तिकडे’ दाखवणं म्हणजे काहीच न सांगणं. चौकशीच्या खिडकीपर्यंत दहा पावलं त्याच्याबरोबर चालायचं, त्याच्या वतीने विचारायचं आणि उत्तर त्याला दोनदा सांगायचं. स्टँडवरच्या त्या आजोबांना एवढंच हवं होतं.

परवा मी गाडीत होते. एक आजी ओळखपत्र शोधत होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो. कंबरेची चंची उघडली, त्यातून प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात सुपारी, औषधाची चिठ्ठी, देवाचा अंगारा. आधार कार्ड काही मिळेना. कंडक्टर उभा, मागचे लोक चुळबुळ करायला लागले, कुणी ‘च्च’ केलं. आजींची बोटं थरथरायला लागली, आणि बोटं थरथरली की आणखीच काही सापडत नाही. शेजारच्या कॉलेजच्या मुलीने आपली ओढणी मांडीवर पसरली आणि म्हणाली, “आजी, सगळं यात ओता, सावकाश बघू.” कार्ड अंगाऱ्याच्या पुडीला चिकटलं होतं. मुलीने ते काढून दिलं, बाकीचं होतं त्या क्रमाने परत रुमालात बांधलं आणि पुन्हा कानात इअरफोन घातला. आजींनी तिला ‘कोणाचा चेडू गो तू?’ असं विचारलंच. ती हसली. तिला मालवणी कळली नसावी.

काही गोष्टी तर अशा की ज्याच्यासाठी केल्या त्याला कळणारही नाहीत. पावसात डबक्याजवळून स्कूटर हळू घेणं. आपल्याकडे चार महिने रस्त्याच्या कडेने माणसं चालतात, शाळेची पोरं, पाटी घेतलेल्या मासेवाल्या, ऑफिसला निघालेल्या तुझ्यासारख्या मुली. सकाळी साडेनऊला अंगावर लाल पाणी उडालं की माणसाचा अख्खा दिवस नासतो. जो गाडी हळू घेतो, त्याचे आभार मानायला कुणी मागे वळत नाही. मला या प्रकारची माणुसकी सगळ्यात मोठी वाटते. गणपतीला चाकरमान्यांनी भरलेल्या गाडीत थोडं सरकून चौथ्याला टेकायला देणं, रात्रीच्या गाडीने स्टेशनवर उतरलेल्या एकट्या बाईला “मी गावात चाललेय, रिक्षात येताय का, भाडं अर्धं अर्धं” असं विचारणं. स्टेशन गावापासून लांब, रात्री रिक्षा मोजक्या. तिथे ‘अर्धं अर्धं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्याने समोरच्या बाईवर उपकाराचं ओझं राहत नाही.

आईची भीती मी उडवून लावणार नाही. तू एकटी राहतेस, ती लांब आहे, आणि फसवणूक होते ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा काही गोष्टी पक्क्या ठरवून टाक. मदत उजेडात आणि चार माणसांत करायची. कुणाच्या घरी, गाडीत, आडोशाला जायचं नाही, म्हातारं माणूस असलं तरी. एटीएममध्ये कुणाचं कार्ड हातात घ्यायचं नाही, पिन विचारायचा नाही, आणि स्वतःचा ओटीपी कुणाला सांगायचा नाही. फोन करायला मोबाइल मागितला तर नंबर आपण लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि फोन आपल्याच हातात ठेवायचा. कुणी ‘पाकीट मारलं, तिकिटाला पैसे द्या’ म्हणालं तर रोख देण्यापेक्षा शक्य असेल तर तिकीट काढून द्यावं किंवा खायला घ्यावं. एखाद्या वेळी फसशीलही. वीस-तीस रुपयांत फसलीस तर स्वतःला मूर्ख म्हणू नकोस आणि पुढच्या माणसावर त्याचा राग काढू नकोस. एकटं, रडणारं मूल दिसलं तर त्याला घेऊन कुठेही न जाता तिथेच त्याच्याजवळ थांबून १०९८ ला फोन करायचा, नाहीतर ११२ ला.

आणि अपघात. मुंबई-गोवा महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, तेव्हा कधीतरी तुझ्यासमोर हे येईल. ‘पोलिसांचं लफडं मागे लागतं’ म्हणून लोक बघत उभे राहतात. कायदा आता तसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. बघ, इथेही कायद्याने तेच म्हटलं आहे: कोण, कुणाची, हे विचारायचं नाही. तू १०८ ला फोन करायचा, जागा नीट सांगायची, म्हणजे ‘हायवेवर’ असं मोघम न सांगता कुठल्या गावाच्या पुढे, कुठल्या पुलाजवळ, कुठल्या दिशेची बाजू, हे सांगायचं. जखमी माणसाला उगाच हलवायचं नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. आईला हे सगळं फोनवर वाचून दाखव. तिला तुझी काळजी आहे, माणसांचा तिटकारा नाही. गूळपाण्याच्या त्याच घरात तीही राहिली आहे.

त्या आजोबांचं काय झालं, हे तुला कळणार नाही. त्यांना शोधायला स्टँडवर जाऊ नकोस, आणि दुसऱ्या कुणाला मदत करून त्यांची भरपाई झाली असंही मानू नकोस. ज्याला मदत करायची त्याला त्याच्यासाठी करावी, आपल्या मनाची टोचणी घालवायला केली की आपण मारुती मंदिरापाशी कुणाचा तरी दंड पकडतो. तुझ्या लक्षात आलंच असेल.

घाईचं मात्र काहीतरी करता येईल. तुझी गाडी सव्वासहाची असेल तर सहाला स्टँडवर पोच. पहिले काही दिवस पंधरा मिनिटं नुसती उभी राहा आणि पाट्या पाठ कर, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, शेवटची किती वाजता, कुठली रहाटाघरहून सुटते. जिल्हा रुग्णालयात आलेली माणसं संध्याकाळी त्याच वेळी परतीला लागतात, एक्स-रेची पाकिटं घेऊन. एक जास्तीची प्लॅस्टिकची पिशवी पर्समध्ये ठेव, मोठी, पाकीट मावेल एवढी.